हत्तीच्या कानांची बाटली

आठ महिन्यांच्या भाच्याला बघायला आरमोरीला निघालो, तेव्हा पुण्यातल्या मॉलमधून एक फीडिंग बॉटल उचलली. निळी, हत्तीच्या कानांची, एकदम क्यूट! मामा आहे राव, नुसत्या खुळखुळ्यावर थोडंच भागणार?

पंधरा दिवसांनी, ऐन मीटिंगमध्ये ताईचा फोन. बाळाला सकाळपासून आठ जुलाब. आजीचं ठाम मत, ‘दात येताहेत, होतंच. पाणी बंद कर, आपोआप थांबेल.’

तेवढ्यात गावातल्या आशाताई आल्या. फोन चालूच होता. पाणी कुठलं, हात कशानं धुता, अंगावरचं पाजतेस ना, असं विचारता विचारता थबकल्या. ‘आणि ही बाटली कोणी आणली?’

मी म्यूटवर.

दातांनी जुलाब होत नाहीत, त्या म्हणाल्या. त्याच वयात बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून पोट बिघडतं. आणि बाटलीच्या निपलमध्ये, बुचाच्या खाचेत दूध चिकटून राहतं. नुसतं विसळून ते निघत नाही. पावसाळ्यात तर जंतूंची चंगळच! त्यापेक्षा वाटी-चमचा बरा, घासला की स्वच्छ.

मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट, घोट घोट. उरलं तर चोवीस तासांनी फेकायचं. झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि मऊ भात चालूच. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडलं किंवा बाळ मलूल झालं, तर तडक दवाखाना.

स्वस्त वाटतो ना हा उपाय? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले. आणि गावातलीच बाई शिकून बाळं वाचवू शकते, हे याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात दाखवून दिलं.

नंतर कळलं, आपल्याकडे फीडिंग बॉटलच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्यानेच बंदी आहे. मला मात्र जाहिरातीची गरजच पडली नाही, हत्तीचे कान पुरले.

भाचा तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगायला लागला. बाटलीत आता ताईनं मनी प्लँट लावलाय. पुढच्या खेपेला मी साबण आणि स्टीलची वाटी नेणार आहे. गिफ्ट रॅप करून!