भातकापणीनंतरची वैरण

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी तेथे स्थापिलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती व घोडे यांच्याविषयीचे जुने ग्रंथ आजही जपून ठेवलेले आहेत. शेतकऱ्याच्या बैलाला असा मान क्वचितच लाभला. तो वर्षभर काय खातो आणि कोणत्या महिन्यांत अर्धपोटी राहतो, हा प्रश्न राजदरबारापेक्षा खाचराच्या बांधावरच अधिक चर्चिला गेला असावा.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात चाऱ्याची टंचाई भासते, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तेथे वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्याचा मोठा हिस्सा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस बंद होते आणि १२ जूनला पुन्हा सुटावे अशी अपेक्षा असते. मधले साडेचार महिने ही भूमी सोलापूर किंवा माणदेशाइतकीच कोरडी असते. कधी हा काळ लांबतो. २०२४ साली पाणी सुटण्यास जुलैची अखेर उजाडली. २०१६ साली ईशान्य मोसमी पाऊसच सरासरीहून सुमारे ६२ टक्के कमी झाला, आणि जानेवारी २०१७ मध्ये संपूर्ण तमिळनाडू राज्य दुष्काळग्रस्त जाहीर करण्यात आले.

या कोरड्या महिन्यांत गुरांपुढे पडतो तो भाताचा पेंढा. पेंढ्याने पोट भरते, पण अंग भरत नाही. याचे कारण जनावराच्या कोठीपोटात आहे. गाईबैल तंतुमय चारा स्वतः पचवीत नाहीत. कोठीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव तो त्यांच्यासाठी कुजवितात. या सूक्ष्मजीवांनाही वाढीसाठी नत्र हवे असते. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेले की त्यांचे काम मंदावते, पेंढा पोटात अधिक काळ पडून राहतो व जनावर खाणेच कमी करते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने अवघी तीन ते चार टक्के असतात. शिवाय त्यातील ऑक्झलेटमुळे चुन्याचा अंशही जनावरास पुरेसा मिळत नाही. म्हणजे गंजी उभी असतानाही गाय आटते, ती चाऱ्याच्या वजनामुळे नव्हे, तर त्याच्या जातीमुळे. अशा वेळी पेंढ्याबरोबर थोडीशी द्विदल वैरण दिली तरी सूक्ष्मजीवांची भूक भागते, आणि त्याच पेंढ्याचे अधिक पचन होते. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून घेतात, हे शालेय विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. तोच नत्र पानांतून गुरांना आणि मुळांतून जमिनीला मिळतो.

तंजावरच्या शेतकऱ्यास द्विदल पीक नवे नाही. सांबा अथवा ताळडी हंगामाचे भात कापण्यापूर्वी सात ते दहा दिवस, उभ्या पिकातच उडीद किंवा मूग फेकून पेरण्याची तेथे जुनी वहिवाट आहे. खाचरातील चिखल तेव्हा ओला असतो. भात कापले जाईतो रोपे उगवून आलेली असतात. पुढे पाण्याची एकही पाळी न देता, केवळ जमिनीतील ओलीवर व पहाटेच्या दवावर, सुमारे सत्तर दिवसांत पीक हाती येते. १९२२ साली स्थापन झालेल्या अडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने अशा पडीक खाचरांसाठी उडदाचे व मुगाचे खास वाण काढले. धान्य घरात आणि पाला गुरांना, अशी ही सोय होती. कापणी-मळणी यंत्रे आली आणि तीत खोट उत्पन्न झाली. यंत्राच्या चाकांखाली कोवळी रोपे चिरडली जातात, आणि यंत्राने मागे पसरलेल्या पेंढ्याखाली उरलेली गुदमरतात. मजुरांच्या टंचाईमुळे यंत्र सोडणे आता शक्य नाही, आणि शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून आणखी एका जुन्या वनस्पतीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. तमिळमध्ये तिला नरिपयरू, म्हणजे शब्दशः कोल्ह्याचा मूग, असे म्हणतात. आंध्रात ती पिल्लिपेसर या नावाने ओळखली जाते. मुगाची ही जंगली बहीण जमिनीवर पसरत वाढते. उन्हाळा सोसते. गुरांनी एकदा चरल्यावर ओल असेल तर पुन्हा फुटते, आणि शेवटी नांगरून टाकली की पुढल्या भातास हिरवळीचे खत होते. एकाच पेरणीत वैरण व खत ही दोन कामे साधणारी ही वनस्पती उडदाइतका पैसा देत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या खाचरात यंत्रामुळे उडीद विरळ झाला आहे, तेथे तुलना उडदाशी नसून रिकाम्या जमिनीशी करावयाची आहे.

याच प्रदेशात हिरवळीच्या खतासाठी कोळिंजी, म्हणजे आपल्याकडील उन्हाळी अथवा शरपुंखा, पेरली जाते. तिची गोष्ट बोधक आहे. कोळिंजी गुरे सहसा खात नाहीत, आणि नेमका हाच तिचा गुण ठरला. भातकापणीनंतर गावची सारी गुरे शेतांत मोकळी सुटतात. अशा स्थितीत गुरांना आवडणारे पीक मूळ धरण्याआधीच फस्त होते आणि न आवडणारे तेवढे टिकते. द्विदल वैरणीच्या प्रसाराची कित्येक पत्रके बियाण्याचे प्रमाण व पेरणीचे अंतर सांगून थांबतात. खरी अडचण कोळिंजीने केव्हाच दाखवून दिली आहे. अडचण बियाण्याची नाही, मोकाट चराईची आहे.

त्यावर उपाय म्हणून सरसकट चराईबंदी सुचविणे सोपे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारून, साधारण ४०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात डोंगरउतारावर गवत वाढविले, हे उदाहरण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु तेथील डोंगर आणि तंजावरची खाचरे एक नव्हेत. उन्हाळ्यात रामनाथपुरम भागातील धनगर आपले कळप घेऊन त्रिभुज प्रदेशात येतात व रात्री शेतांत मेंढ्या बसवितात. तिकडे या कळपास किडै म्हणतात. मेंढ्यांच्या लेंडीमुताचे खत शेताला मिळते आणि धनगरास त्याचा मोबदला. आपल्याकडे धनगरांचे वाडे बसतात तशीच ही रीत होय. ज्यांच्यापाशी जमिनीचा तुकडाही नाही अशा गाईवाल्यांचे आणि या धनगरांचे पोट त्याच मोकळ्या शेतांवर चालते. वैरण वाढविण्याच्या नावाखाली त्यांनाच हाकलून देणे हा न्याय नव्हे. खाचरे कापणीपासून सुमारे साठ ते सत्तर दिवस राखावीत, त्यानंतर ठरलेल्या तारखेस खुली करावीत, आणि राखणीच्या काळात भूमिहीनांच्या गुरांना कापलेल्या वैरणीत वाटा द्यावा, असा करार अधिक टिकाऊ ठरेल. तो एकट्या शेतकऱ्यास करता येत नाही, कारण पाळीचे पाणी जसे शेतागणिक वेगळे सोडता येत नाही तशी चराईही नाही. हा करार गावाने करावयाचा आहे.

जिल्ह्याच्या दक्षिणेस ओरत्तनाडु व पट्टुक्कोट्टै भागात जमीन उंच, तांबूस आणि वाळवट आहे. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले व कल्लणैपासून निघालेल्या नव्या कालव्याने त्या बाजूस पाणी नेले, तरी कालव्यापासून दूरची रानेही पुष्कळ आहेत. तेथे बहुवार्षिक द्विदल वैरण शोभेल. तमिळमधील तिची नावे मोठी मौजेची आहेत. लसूणघास ते कुदिरै मसाल, घोड्याचा मसाल. स्टायलो ते मुयल मसाल, सशाचा. आणि आपली दशरथ घास ते वेलि मसाल, म्हणजे कुंपणाचा. पैकी लसूणघासाला नियमित पाणी लागते. स्टायलो मात्र ४५० ते ८४० मिलिमीटर पावसावर, निकस जमिनीतही तग धरते. तिच्या बियाण्याचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी ते गरम पाण्यात काही मिनिटे बुडवावे लागते. एवढी एक गोष्ट न केल्याने उगवण फसते आणि दोष बियाण्यास लागतो. स्टायलोची एक जात दक्षिण भारताच्या कोरड्या वाळवट जमिनीत आपोआप उगवते, तेव्हा हे कुळ येथे सर्वस्वी परके नाही. कावेरीच्याच खोऱ्यात वरच्या अंगास, करूर ते कांगेयम या अल्पवृष्टीच्या पट्ट्यात, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरंगाडु नावाची कुंपणबंद कुरणे राखली आहेत. त्यांत खाली अंजन गवत व वर हिवराची झाडे असतात. हिवर हाही द्विदल कुळातलाच, आणि उन्हाळ्यात त्याच्या शेंगा गुरामेंढ्यांच्या उपयोगी पडतात. कांगेयम जातीची गुरे याच कुरणांवर पोसली गेली.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी हवी. एखादी वनस्पती गुणाची निघाली की तीच सर्वत्र लावण्याचा मोह होतो. १९७० नंतरच्या दशकात उरुळीकांचन येथील भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. १९८८ साली तिच्यावर जगणारी उडती कीड भारतात पोचली आणि कोवळे शेंडे करपून गेले. सुबाभळीतील मिमोसीन हे द्रव्यही जनावरांनी फार खाल्ल्यास अपायकारक ठरते. ऑस्ट्रेलियात टाऊन्सव्हिल स्टायलो या एकाच जातीवर विस्तीर्ण कुरणे उभी होती. १९७३ च्या सुमारास करपा रोगाने ती नष्ट झाली. बांधावर दशरथ घास, माळावर स्टायलो आणि खाचरात नरिपयरू अशी विभागणी करणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

या सर्वांत पणास लागलेली आणखी एक वस्तू म्हणजे उंबळच्चेरी जातीची गुरे. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील, आता नागपट्टिनम जिल्ह्यात मोडणाऱ्या एका गावाचे नाव त्यांना मिळाले आहे. अंगाने लहान, पायांनी आखूड, पण चिखलात अत्यंत चपळ असा हा बैल खाचरासाठीच घडलेला. वासरू जन्मतः तांबडे असते आणि काही महिन्यांत करडे होते. बैलांची शिंगे काढून टाकण्याची तेथे चाल आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले, आणि गाय दिवसास दोनेक लिटर दूध देणारी. तिरुवारूर जिल्ह्यातील कोरुक्कै येथे सरकारी पशुपैदास केंद्रात ही जात जपली जाते. परंतु जात केवळ केंद्रात जिवंत राहत नाही, ती दारात राहावी लागते. विकतची पेंड घालून पाळावी इतके दूध देणारी ही गाय नव्हे. तिला राखावयाचे तर चारा फुकटात किंवा जवळजवळ फुकटात मिळावा लागेल, आणि तो देण्याची शक्ती कापलेल्या खाचरातच आहे.

देशातील लागवडीच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्के जमीनच वैरणीच्या पिकांखाली आहे, असा सर्वमान्य अंदाज आहे. दुष्काळ पडला की सरकारी पैसा चाऱ्याकडे धावतो. २०१३ व २०१९ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्राने चारा छावण्या चालविल्या, व तेथे बऱ्याच ठिकाणी ऊसच गुरांपुढे टाकावा लागला. त्या छावण्यांनी असंख्य जनावरे वाचविली यात शंका नाही. परंतु टंचाईच्या वर्षी एका तालुक्यात होणाऱ्या खर्चाचा अंशमात्र भाग चांगल्या वर्षी बियाण्यावर खर्च झाला, तर छावण्यांचा भार हलका होईल. नरिपयरूच्या शेंगा पक्व होताच तडकून बी विखुरते, त्यामुळे ते गोळा करणे कष्टाचे असते आणि बाजारात ते सहजी मिळत नाही. प्रत्येक गावाने एखादे खाचर केवळ बियाण्यासाठी राखावे व शेंगा वेचण्याची मजुरी सरकारी निधीतून दिली जावी. कोणाचे खाचर, राखण कोणाकडे आणि कळपांसाठी शेते कोणत्या तारखेस खुली होणार, हे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत ठरविता येईल, आणि बी जानेवारीत भात उभे असतानाच शेतात पडलेले असेल.