पोटदुखीच्या परीक्षेत एक रुग्ण वाढवा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटावर उजव्या बाजूला बोटभर लांबीचा व्रण आहे. अपेंडिक्स काढल्याचा. काढलेलं अपेंडिक्स धडधाकट निघालं. पोट दुखत होतं ते आतड्यांच्या रक्तवाहिन्यांना आलेल्या सुजेमुळे, आणि ती सूज ल्युपसची होती.

ती तेव्हा २४ वर्षांची. दोन वर्षं सकाळी बोटं आखडायची, सारखं तोंड यायचं, उशीवर केसांचे पुंजके सापडायचे. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मग आठवडाभरात पोट फुगलं, पाण्याचा घोटही ठरेना. ऑपरेशनमध्ये पोटात पाणी दिसलं, म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. त्यात कुणी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. पोटाचा टीबी आपल्याकडे आहेच, आणि तोही असाच दिसतो. पण औषधं सुरू होऊनही ती खंगतच गेली.

दुसऱ्या गावच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात गेल्यावर चेहऱ्याला काही होतं का?" आई म्हणाली, "होतं ना, नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टे उठतात." त्या उत्तराने तपासाची दिशाच फिरली. लघवीतून प्रथिनं जात होती, एएनए पॉझिटिव्ह आलं, सी३ आणि सी४ पार खाली गेलेले. सीटी स्कॅनच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला बोट ठेवून दाखवलं: सुजलेलं आतडं वर्तुळात वर्तुळ काढल्यासारखं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या. शिरेतून स्टिरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी तिने मऊ भात मागितला. आई त्या भातावर फुंकर घालत होती आणि रडत होती.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक ऐन तारुण्यातल्या. हा आजार बघणाऱ्या डॉक्टरांना आपण मराठीत संधिवाततज्ज्ञ म्हणतो. पोट दुखणारी मुलगी संधिवाताच्या डॉक्टरांकडे कशाला जाईल? ती जाते गावातल्या डॉक्टरांकडे, तिथून सर्जनकडे. आणि पोटात हा आजार नाना रूपं घेतो. कधी वाटेत काहीही अडलेलं नसताना आतडं हलायचंच थांबतं आणि आतड्याला पीळ पडल्यासारखं चित्र उभं राहतं. कधी स्वादुपिंड सुजतं. कधी प्रथिनं आतड्यातून झिरपून जातात; लघवी स्वच्छ, तरी पाय सुजलेले. ल्युपसच्या काही रुग्णांमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्ती असते, त्यातून यकृताच्या शिरेत गुठळी होऊन पोटात पाणी भरतं.

याची दुसरी बाजूही मला कळते. ल्युपसच्या रुग्णालाही अपेंडिक्स होतंच. शिवाय स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाचं आतडं फुटलं तरी पोट हाताला मऊ लागू शकतं, म्हणून तिथे सर्जन आधी हवा. उलट, ल्युपसची सूज वेळेत ओळखली नाही तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते सडू शकतं. म्हणूनच दोन्ही शक्यता पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या मनात असायला हव्यात.

माझी मागणी छोटी आहे. एमबीबीएसच्या आणि सर्जरीच्या तोंडी परीक्षेत अचानक उद्भवलेल्या पोटदुखीचे रुग्ण विचारले जातात, त्यांत अशी एक मुलगी असू द्या. परीक्षेत येतं ते मुलं वाचतात. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणातही याला एक तास द्या. सांधे, केस, तोंडातले फोड, ऊन, आधीचे गर्भपात, एवढं विचारायला पैसा लागत नाही. लघवीची तपासणी तर ग्रामीण रुग्णालयातही होते.

बहिणीचे सगळे रिपोर्ट आणि सीटीच्या फिल्म मी एका पिशवीत जपून ठेवल्या आहेत. शिकवायला उपयोगी पडणार असतील तर वापरा, असं ती स्वतः म्हणते. आपण कळवाल त्या दिवशी मी त्या नाशिकला घेऊन येईन.

आपली,
एका ल्युपस रुग्णाची थोरली बहीण