वाढदिवसाचा पंक्तिभेद

चॉकलेटचे कपकेक हा काय आपल्या अंकाचा विषय आहे, असे काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, मालमत्तेचा हक्क हे सगळे सोडून ही बाई केक भाजायला बसली! पण स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय आहे, असे आपणच वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. मग गव्हाशिवायच्या केकबद्दलही बोलायला हवे. कारण ज्या घरात तो लागतो, त्या घरातली बाई बहुतेक वेळा एकटी पडलेली असते.

आधी आजाराविषयी. गहू आणि जवासारख्या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. सिलिॲक आजारात या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब होतात, पोट फुगते, वजन वाढत नाही. काही मुलांना जुलाब नसतातच, नुसती उंची खुंटते किंवा रक्त वाढत नाही. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० सालच्या आपल्या प्रबंधात मांडला. एवढ्या वर्षांनंतरही उपचार एकच आहे: जन्मभर ग्लूटेन पूर्ण वर्ज्य. उत्तर भारतात हा आजार अधिक आढळतो. पण पोळी, पाव आणि बिस्किटे आता आपल्याकडेही रोजची झाली आहेत.

मुलींच्या बाबतीत हा आजार लपून राहायला आपले समाजमनच मदत करते. मुलगी किरकोळ राहिली, पाळी उशिरा आली, रक्त कमी भरले, तर ‘पोरीची जात, खातेच कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर भागवले जाते. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर कार्यकर्तीने सिलिॲकच्या तपासणीचा आग्रह धरावा. आधी रक्ताची तपासणी होते. मग गरजेप्रमाणे दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासतात. मात्र तपासणीच्या आधी गहू बंद करू नये, नाही तर निदान चुकू शकते.

आमच्या वस्तीतल्या कामात भेटलेली एक मैत्रीण पोळीभाजी केंद्रात रोज दीडशे पोळ्या लाटते. तिच्या सात वर्षांच्या मुलाला गहू चालत नाही. घरी आल्यावर ती आधी साडी बदलते, कोपरापर्यंत हात धुते आणि मगच त्याला जवळ घेते. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की ज्वारीतही गहू येतो, म्हणून त्याचे पीठ ती घरी मिक्सरवर काढते. चाळण वेगळी, पोळपाट वेगळा. हिंगाच्या डबीत गव्हाचे पीठ असते, हेही तिनेच शोधून काढले. सासरचे म्हणतात, ‘हे तुझ्या माहेरचं दुखणं.’ वास्तविक या आजाराकडे असणारा कल आईकडून येऊ शकतो तसाच बापाकडूनही. पण मूल आजारी पडले की कोर्टात उभी राहते ती आईच.

अशा मुलाला वाढदिवसाचे बोलावणे येते तेव्हा काय होते? केक मैद्याचा, सामोसा मैद्याचा, बिस्किटे मैद्याची. मग आई घरून डबा देते आणि मूल कोपऱ्यात बसून राजगिऱ्याची वडी खाते. ‘एका घासाने काय होतंय?’ म्हणून कोणी प्रेमाने भरवू पाहते, तेव्हा सात वर्षांच्या पोराने मोठ्यांना नाही म्हणायचे. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, पंक्तिभेद. इथे कोणाच्या मनात विटाळ नसतो, हे खरे. पण आपले ताट वेगळे आहे एवढे मुलाला नेमके कळते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या एका मुलासाठी वेगळा केक करू नये. सगळ्यांसाठीच गव्हाशिवायचा करावा. वेगळा केक केला की वेगळी बशी आली, वेगळी सुरी आली, सरमिसळीची धास्ती आली. एकाच घाण्यातले बारा कपकेक असले, की कोणी कोणाचा उचलला तरी बिघडत नाही.

आणि हे अवघड नाही. एक कप तांदळाची पिठी, अर्धा कप नाचणीचे पीठ, पाव कप साधी कोको पावडर, एक कप पिठीसाखर, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. दोन अंडी, अर्धा कप तेल, अर्धा कप दही, अर्धा कप दूध. कोको आणि बेकिंग पावडरच्या डब्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेले बघून घ्यावे. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. सगळे एकत्र घोटून वीस मिनिटे ठेवावे, म्हणजे तांदळाची पिठी फुगते आणि केक रवाळ लागत नाही. भांड्याला तूप लावून मैदा भुरभुरवायची सवय असते. इथे तांदळाची पिठीच भुरभुरवावी. भट्टीत १८० अंशांवर वीस मिनिटे लागतात. भट्टी नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरावे, शिट्टी आणि रिंग काढावी आणि स्टीलच्या वाट्यांत मंद आचेवर भाजावे. थोडा जास्त वेळ लागतो. गार झाल्यावरच काढावेत, कारण पीठ बांधून ठेवणारे ग्लूटेन यात नाही. गरम काढले तर मोडतात.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, ग्लूटेनमुक्त हे श्रीमंतांचे फॅड आहे. वजन उतरवण्यासाठी महाग पाकिटे घेणाऱ्यांपुरते ते खरेही असेल. पण नाचणी, ज्वारी, वरी, तांदूळ ही तर आपल्या कष्टकरी घरांची धान्ये. मैद्याला प्रतिष्ठा आली आणि ती मागासलेली ठरली. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बाईच्या डोक्यावर हे आणखी एक काम कशाला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ८८. तेव्हा ‘आदर्श माता’ होण्यासाठी कपकेक भाजा, असे सांगायला मी लेखणी उचललेली नाही. उलट, वरची कृती मुद्दाम मापांसकट दिली आहे. ती बापाच्या हातात द्यावी, काकाच्या हातात द्यावी. मोजून, घोटून, भाजायला बाईचा हात लागतो, असे कुठेही सिद्ध झालेले नाही.

शिवाय प्रश्न घरापुरता नाही. शाळेच्या खिचडीतला हिंग, अंगणवाडीतला शिरा, वसतिगृहाची पोळी, रेशनवरचा गहू या प्रत्येक ठिकाणी एकेकटी आई विनवण्या करत फिरते. निदान झालेल्या मुलाच्या घराला गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी, शाळेत त्याच्यासाठी सुरक्षित जेवण असावे, ही मागणी संघटनेने करण्याजोगी आहे. आईने पदर पसरून मागितले की तो उपकार ठरतो. दहाजणींनी अर्ज लिहून मागितले की त्याची नोंद करावी लागते.

पुढच्या बैठकीत आपापल्या वस्तीत असे मूल कोणाला माहीत आहे का, एवढे विचारून पाहा. असेल, तर त्याच्या आईला बैठकीला बोलवा. आणि त्या दिवशीचा खाऊ सगळ्यांना चालेल असाच करा.