बिऱ्हाड पाठीवर घेण्यापूर्वी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते आणि थोडी थट्टाही असते. बदलीचा हुकूम येताच वळकटी बांधून निघणाऱ्या नोकरदाराला ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. स्थिर घर नसणे हे दुर्दैव, अशीच आपली धारणा होती. परंतु ज्यांचे घर पक्के आहे अशी माणसे आज हौसेने असे बिऱ्हाड विकत घेतात, मोटारीच्या मागे जोडतात आणि डांबरी सडक सोडून रानोमाळ निघतात. ऑस्ट्रेलियात या वस्तूला ‘ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर’ म्हणतात. उंच चाकांची, भक्कम बांधणीची ही छोटी गाडी मुक्कामावर पोचली की तिच्या पाठीवरून तंबू उलगडतो, मागच्या बाजूने शेगडी आणि ओटा बाहेर सरकतो, पोटात पाण्याची टाकी असते आणि एका कोपऱ्यात फ्रिज चालविणारी बॅटरी.

विषय दूरचा वाटेल. पण तितकासा दूर नाही. मेलबर्न, सिडनी वा पर्थ येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही असा ट्रेलर घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न येतो आणि त्याचे पडसाद पुण्या-सांगलीच्या निवृत्त आईवडिलांच्या कानांपर्यंत पोचतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केलेले आहे. या चर्चेत बहुधा विचारले जाते ते असे: कोणत्या बनावटीचा घ्यावा आणि त्यात काय काय बसवावे? प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न वजनाचा आणि दुसरा रात्रींचा. या दोहोंची उत्तरे कागदावर प्रामाणिकपणे मांडली, तर नोकरी करणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी ट्रेलर आधी भाड्याने न्यावा आणि विकत घेण्याचा विचार मागाहून करावा, याच निष्कर्षास यावे लागते.

दोन पूर्वज

या वाहनाच्या वंशावळीत दोन निरनिराळे पूर्वज आहेत आणि खरेदीतला घोटाळा पुष्कळदा त्यांच्या सरमिसळीतून होतो. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन-कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची प्रशस्त गाडी निव्वळ भटकंतीसाठी बांधून घेतली. दोन घोडे ती ओढीत. गाडीवान आणि नोकर बरोबर असत. समोरून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाई. या गाडीतून डॉक्टरसाहेबांनी इंग्लंडातून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. आपला दिवाणखानाच रस्त्यावर आणावा, ही त्यामागची कल्पना.

दुसरा पूर्वज रणांगणावरचा. दुसऱ्या महायुद्धात जीपच्या मागे पाव टनाचा एक छोटा ट्रेलर जोडला जाई. दारूगोळा, पाणी, शिधा असे अत्यावश्यक सामान तो वाही. जेथे जीप जाईल तेथे त्याने गेले पाहिजे, म्हणून भाराची मर्यादाही पाव टनाची, म्हणजे सुमारे २२७ किलोची. युद्ध संपल्यावर असे जादा ट्रेलर विक्रीस निघाले आणि रानात मुक्काम करणाऱ्यांच्या हाती आले.

आजचा ऑफ-रोड ट्रेलर स्वभावाने या दुसऱ्या पूर्वजाचा वारस; बाजारात मात्र त्याला पोशाख पहिल्याचा चढविला जातो. खडकाळ वाटेवर जायचे आणि सोबत दिवाणखानाही हवा, या परस्परविरोधी मागण्यांची किंमत अखेर आस, ब्रेक आणि गिऱ्हाइकाचा खिसा यांना मोजावी लागते.

नाकापेक्षा मोती जड

एक कल्पित, पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. ट्रेलरचे रिकामे वजन ११५० किलो आणि कायद्याने मान्य कमाल वजन १५०० किलो आहे, असे समजा. सामानासाठी उरले ३५० किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. शिशाच्या दोन बॅटऱ्या ६० किलो, अन्नासह फ्रिज ५०, भरलेले दोन लहान गॅस सिलिंडर २०, जादा स्टेपनी ३०, सावलीसाठी कनात आणि खांब ३०, जॅक व हत्यारे २०. बेरीज झाली ३१०. चार माणसांचे अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, खुर्च्या आणि शिधा या सर्वांसाठी उरले अवघे चाळीस किलो! विक्रेत्याच्या दालनात ट्रेलर पाहताना ही बेरीज कोणी करीत नाही, कारण तेथे तो रिकामा उभा असतो.

हिशेब येथेच संपत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या ठिकाणी मोटारीवर टेकलेला असावा लागतो. तो फार कमी झाला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि मोटारीलाही आपल्याबरोबर फरफटवतो. फार जास्त झाला तर मोटारीची पुढची चाके हलकी होऊन वळणे आणि थांबणे दोन्ही बिघडते. आपल्या उदाहरणात हा भार १५० किलोचा. तो मोटारीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो आणि त्यातच घरची चार माणसे व त्यांचे सामानही बसवायचे असते. एखादी मोटार ३५०० किलो ओढू शकते असे जाहिरात सांगते, ते असत्य नसते. परंतु मोटार आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनालाही वेगळी मर्यादा असते आणि मोटार भरलेली असताना तो मोठा आकडा बहुधा कागदावरच राहतो.

ऑस्ट्रेलियाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. ट्रेलरच्या चाकांवर पडणारा भार ७५० किलोंच्या वर गेला की त्याला ब्रेक हवेत. २००० किलोंच्या वर गेला की सर्व चाकांना ब्रेक हवेत आणि ट्रेलर सुटून निघाल्यास ते आपोआप लागण्याची सोयही हवी. अशा नियमांमागे अपघातांचा अनुभव असतो. आपण मर्यादेत आहोत असा समज करून घेण्याऐवजी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन उभा करावा, हा सर्वांत स्वस्त विमा होय.

कच्च्या रस्त्याची परीक्षा आणखी वेगळी. वाहनांच्या वर्दळीने मातीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्यांवरून शेकडो किलोमीटर जाताना बोल्ट सैल होतात, बेअरिंगे तापतात, धूळ बंद कपाटांत शिरते. अशा वेळी आपण हौसेने बसविलेली प्रत्येक वस्तू ही मोडण्याजोगी आणखी एक वस्तू ठरते.

रजेचा हिशेब

आता रात्रींकडे वळू. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यास कायद्याने वर्षाला चार आठवडे पगारी रजा मिळते. मराठी कुटुंबाच्या बाबतीत या चार आठवड्यांवर पहिला हक्क कोणाचा, हे सांगावयास नको. इकडे आई-वडील वाट पाहत असतात. कोणाचे लग्न, कोणाची मुंज, कोणाचे आजारपण. एकदा मायदेशी जाऊन येण्यात तीन आठवडे सहज जातात आणि त्यासाठी कित्येकदा दोन वर्षांची रजा साठवावी लागते. उरलेल्या दिवसांचा मेळ मुलांच्या शाळेशी घालायचा. तेथील शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते. ती तर भर उन्हाळ्यात. वायव्येकडील गिब रिव्हर रोड हा सुमारे ६६० किलोमीटरांचा, ट्रेलरवाल्यांचा लाडका मार्ग, त्या पावसाळी महिन्यांत सामान्यतः बंद असतो. मेलबर्नहून त्या मार्गाच्या डर्बी गावापर्यंत पोचायलाच चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या असलेले सिम्पसन वाळवंट दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च प्रवाशांना बंद ठेवले जाते. आणि ते खुले असते तेव्हाही तेथे ट्रेलर ओढत नेऊ नका, असाच उद्यान-खात्याचा सल्ला असतो. ज्या भूमीचे चित्र पाहून खरेदीची ऊर्मी उठते, तेथे तो ट्रेलर नेणेच पुष्कळदा शक्य नसते किंवा इष्ट नसते.

पुन्हा कल्पित आकड्यांचा आधार घेऊ. ट्रेलर सजावटीसह तीस हजार डॉलरांना घेतला आणि सहा वर्षांनी निम्म्या किमतीस विकला, असे समजा. पंधरा हजार गेले. नोंदणी, विमा, टायर, डागडुजी यांपायी वर्षाला हजार धरले, तर आणखी सहा हजार. एकूण एकवीस हजार. वर्षाकाठी बारा रात्रींचा वापर झाला, तर सहा वर्षांत ७२ रात्री; म्हणजे एका रात्रीस सुमारे २९० डॉलर. हाच वापर वर्षाला पन्नास रात्रींचा झाला, तर एका रात्रीस केवळ ७० डॉलर. वस्तू तीच, किंमत तीच. फरक आहे तो रजेच्या दिवसांचा. नोकरीतून मोकळे होऊन महिनोन्‌महिने देशभर फिरणारी वृद्ध जोडपी तेथे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ट्रेलर वा कॅराव्हॅन घेणे सर्वथा योग्यच आहे. त्यांचे अनुकरण बारा रात्रींच्या धन्याने कर्ज काढून करावे, हे मात्र शहाणपणाचे नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळेच असे पैशात मोजायचे काय? मुलांनी चांदणे पाहावे, चूल पेटवावी, एका कनातीखाली आई-बापांसोबत झोपावे, याला मोल नाही काय? आहे, आणि मोठे आहे. परंतु ते चांदण्याचे आणि सहवासाचे मोल आहे. साध्या तंबूतही ते तितकेच हाती लागते. उलट ज्या कर्जाच्या हप्त्यासाठी शनिवारीही कामाला जावे लागते, ते कर्ज नेमका हाच सहवास हिरावून नेते.

आधी प्रवास, मग सामान

म्हणून क्रम उलटा करावा. प्रथम एकदा साध्या तंबूने आणि मग निदान दोनदा भाड्याच्या ट्रेलरने प्रवास करावा. भाड्याच्या ट्रेलरला कोणत्या रस्त्यांवर बंदी आहे, हे करारात आधी वाचावे. प्रवासात एक वही जवळ ठेवून काय वापरले, काय उघडलेही नाही आणि कशावाचून अडले, ते रोजच्या रोज टिपावे. पावसात तंबू उभारायला किती वेळ लागतो आणि ट्रेलर मागे घेताना पती-पत्नींचे कितपत जमते, हेही तेथेच कळते. घरी तो ठेवायला जागा आहे काय, हा साधा प्रश्नही विसरू नये.

या परीक्षेनंतरही मन ठाम असेल, तर हलक्यातला हलका ट्रेलर घ्यावा आणि पहिला पैसा आधी सुरक्षिततेवर खर्चावा: ब्रेक, टायर, बेअरिंगे, खडबडीत जमिनीवर सर्व बाजूंना फिरणारी भक्कम जोडणी. ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांशी जुळणारी असली, तर एकाच जातीची स्टेपनी दोघांना चालते. विजेचे सामान सर्वांत शेवटी, आणि तेही हिशेबाने. एक बेताचा फ्रिज दिवसाला सुमारे ३० ते ५० ॲम्पिअर-तास वीज खातो. शिशाच्या शंभराच्या बॅटरीतून तिचे आयुष्य न घटविता निम्मीच वीज काढता येते. म्हणजे एक ते दीड दिवसाची बेगमी. लिथियमची बॅटरी हलकी आणि अधिक वीज देणारी, पण महाग. दोनच रात्रींचा मुक्काम असेल, तर बर्फाची पेटीही काम भागविते.

आपल्याकडे हे लोण येईल तेव्हा आणखी काही गोष्टींचा विचार करावा लागेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे नोंदणीस पात्र वाहन आहे. मोटारीची नोंदणी झाली म्हणून मागच्या गाडीची जबाबदारी टळत नाही. शिवाय आपले घाट अवघड वळणांचे, आणि पश्चिम घाटातील कासच्या पठारासारखे सडे म्हणजे खडकावर मातीचा पातळ थर. चाकांखाली गेलेली तेथील फुले आणि माती सहजासहजी परत येत नाहीत. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या या भूमीवर रस्ता सोडून वाहन घालण्याची हौस आपल्याला परवडणारी नाही. येथे गरज आहे ती ठरलेल्या मुक्कामतळांची, पाण्याची आणि स्वच्छतागृहांची.

राहता राहिला विंचू. आपल्या म्हणीत त्याच्या पाठीवर बिऱ्हाड आहे. प्रत्यक्षात विंचवाची मादी पाठीवर वाहते ती नुकती जन्मलेली आपली पिले. भांडीकुंडी ती बरोबर घेत नाही आणि पिले पहिली कात टाकेपर्यंतच हा भार सोसते. बिऱ्हाड पाठीवर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने वजनाची यादी करताना पहिल्या ओळीत मुलांची नावे लिहावीत. मग उरलेली यादी बरीच आखूड होईल, आणि कदाचित ट्रेलरचीही गरज उरणार नाही.