ग्रबला दिसते, कर्नलला दिसत नाही

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. तेव्हापासून व्हीएमवेअरवरचे लिनक्स सर्व्हर केव्हीएमवर, बहुधा प्रॉक्समॉक्सवर, हलवण्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या गळ्यात पडले आहे. डिस्कची इमेज बदलून होते, नवे मशीन सुरू होते, ग्रबचा मेनू येतो, कर्नलच्या ओळी धावू लागतात. मग ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते आणि रूट सापडत नाही म्हणून मशीन आपत्कालीन शेलमध्ये येऊन थांबते.

अशा वेळी घाईघाईने ग्रब पुन्हा बसवला जातो, इमेज नव्याने बनवली जाते, एफएसटॅबमध्ये खाडाखोड होते. आमचा आग्रह आहे की आधी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधा: डिस्क नेमकी कोणाला दिसत नाही? ग्रबने कर्नल लोड केला, याचा अर्थ फर्मवेअरला डिस्क दिसली आणि वाचताही आली. अडचण त्यानंतरची आहे. कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तो रूट फाइलसिस्टिमवरच असेल तर रूट सापडण्याआधी मिळणार कुठून? त्यासाठीच इनिटरामएफएस असते.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७व्या आवृत्तीपासून ड्रॅकट ही इमेज ‘होस्टओन्ली’ पद्धतीने बांधतो, म्हणजे ज्या मशीनवर ती बांधली त्याला लागणारेच ड्रायव्हर तिच्यात घेतो. व्हीएमवेअरवर त्याला पीव्हीएससीएसआय कंट्रोलर दिसला, केव्हीएमवर लागणारा व्हर्टआयओ दिसलाच नाही. डेबियनमध्ये मूळची मांडणी ‘मोस्ट’ असल्याने हा प्रसंग कमी येतो. ज्यांनी इमेज लहान ठेवायला ‘डेप’ निवडले, त्यांच्यावर तो येऊ शकतो.

निदान सोपे आहे. ग्रबच्या मेनूतली रेस्क्यू नोंद निवडा. तिची इमेज होस्टओन्ली नसते, सर्वसाधारण हार्डवेअरचे ड्रायव्हर तिच्यात असतात. ती बूट झाली की डेटा, एलव्हीएम, एफएसटॅब यांच्यावरचा संशय गेला. मग व्हर्टआयओचे ड्रायव्हर जोडून ड्रॅकटने इमेज पुन्हा बांधायची. इथे एक खाच आहे. रेस्क्यूचा कर्नल सहसा इन्स्टॉलेशनच्या वेळचा असतो, त्यामुळे कर्नलची आवृत्ती न सांगता ड्रॅकट चालवला तर भलत्याच कर्नलची इमेज तयार होते. आवृत्ती नावानिशी द्या. त्या जुन्या कर्नलची मॉड्यूल्स अपडेटमध्ये पुसली गेली असतील तर रेस्क्यूमध्ये नेटवर्कही उठत नाही. कन्सोल हाताशी ठेवा.

मशीन आभासी नसून प्रत्यक्ष सर्व्हर असेल आणि रेस्क्यूलाही डिस्क सापडली नाही तर दुखणे वेगळे. एलएसआयच्या एसएएस२००८ चिपवरचे कंट्रोलर जुन्या सर्व्हरांत आजही दिसतात. रेड हॅटने ८व्या आवृत्तीत ड्रायव्हरमधून त्या चिपचा आधार काढून टाकला. कार्ड ठणठणीत, केबल नीट, आणि तरीही डिस्क नाही. एलएसपीसीआयच्या तपशिलात कार्ड दिसते, पण त्याखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळ नसते. एलरेपोची ड्रायव्हर डिस्क हा त्यावरचा एक मार्ग आहे, मात्र पुढच्या प्रत्येक कर्नल अपडेटला तिची आठवण ठेवावी लागते. उत्पादनातल्या सर्व्हरसाठी आम्ही नवे कार्ड घ्यावे असेच म्हणू.

तिसरी तऱ्हा ९व्या आवृत्तीत भेटते. एलएसबीएलकेमध्ये डिस्क आहे, पीव्हीएसमध्ये नाही. तिथे एलव्हीएम केवळ डिव्हाइसेस फाइलमध्ये नोंदलेल्या डिस्क पाहते, आणि स्थलांतरात डिस्कची ओळख बदललेली असू शकते. नोंद दुरुस्त केली की व्हॉल्यूम ग्रुप परत येतो. पण हे ठाऊक नसलेला माणूस बॅकअपमधून सारे परत उतरवायला बसतो, रात्र जाते आणि ताजा डेटाही जातो. हे टाळता येण्यासारखे आहे.

म्हणून हे काम मध्यरात्रीच्या डाउनटाइममध्ये सुरू करू नये. जुना प्लॅटफॉर्म चालू असतानाच, दिवसा, व्हर्टआयओसह इमेज बांधा. ती मोठी होते, तेव्हा आधी बूट विभाजनात जागा पाहा. मग तिथेच एकदा रीबूट करा, म्हणजे आधीपासून दडलेली चूक नव्या जागेच्या माथी बसणार नाही. व्यवस्थापनाला ही दहा मिनिटे मागताना संकोच करू नका. आणि लिस्टइनिटआरडीने इमेज उघडून व्हर्टआयओची मॉड्यूल्स आत असल्याची खात्री केल्याशिवाय स्थलांतराची तारीख कोणालाही कळवू नका.