गावी घर बांधायचे, पण सातबारा काय म्हणतो?

जळगाव, प्रतिनिधी - निवृत्तीनंतर गावी दोन खोल्या बांधून राहावे, ही सुरत, पुणे, नाशिक येथे स्थिरावलेल्या अनेक खानदेशी कुटुंबांची जुनी इच्छा. सिमेंट-विटांचा हिशेब लगेच मांडला जातो. परवानगीचा विचार पाया खोदण्याच्या आदल्या दिवशी होतो. सरपंच भावकीतले, ग्रामसेवक ओळखीचे, मग अडचण ती काय, असा समज असतो. (पदाचे नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले असले तरी गावाच्या तोंडी ग्रामसेवकच आहे.) बँकेत गृहकर्जाचा अर्ज गेला की हा समज फार काळ टिकत नाही.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसार इमारत उभारण्यासाठी पंचायतीची परवानगी लागते. नगररचना विभागाकडील हेलपाटे वाचावेत म्हणून 2021 च्या सुरुवातीस तत्कालीन ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी सवलत जाहीर केली. 1600 चौरस फुटांपर्यंत मालकीची कागदपत्रे, आराखडा, अभियंत्याचा दाखला आणि शुल्क सादर करणे पुरेसे. त्यापुढे 3200 चौरस फुटांपर्यंत पंचायतीने 10 दिवसांत परवानगी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. निर्णयाचे स्वागत झाले, ते रास्तच होते. मात्र खरी गोम 'मालकीची कागदपत्रे' या दोन शब्दांत आहे.

गावठाणातील घरमालकाकडे बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक 8 चा उतारा असतो. ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. लहान गावांच्या गावठाणांची मोजणीच पिढ्यान्‌पिढ्या झालेली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी ड्रोनद्वारे मोजणी करणारी स्वामित्व योजना एप्रिल 2020 मध्ये सुरू झाली.

गावठाणाबाहेर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 41 ने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधण्याचा हक्क दिला आहे. रस्त्याकडेचे दोन गुंठे विकत घेणाऱ्या नोकरदाराला तो आधार नाही. त्याच्या वाटेत 1947 चा तुकडेबंदी कायदा येतो. ऑगस्ट 2023 मध्ये बहुतांश जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे असे कमी करण्यात आले. तरीही दोन गुंठे त्यात बसत नाहीत. मार्च 2024 च्या नियमांनी विहीर व शेतरस्त्याबरोबर घरासाठीही वाट काढली. पण ती शासकीय ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यापुरती आणि 1000 चौरस फुटांपर्यंत. जुन्या व्यवहारांना दिलासा देण्यासाठी 2025 मध्ये कायद्यात बदल करण्यात आला, त्याचा मुख्य रोख शहरी व निवासी पट्ट्यांकडे आहे. तेव्हा शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेल्या भूखंडावर घर उभे राहीलही, पण सातबाऱ्यावर नाव चढण्याचा प्रश्न तसाच उरतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी एक अट आहे. चोपडा, यावल, रावेर तसेच धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांत आदिवासी खातेदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. कलम 36 व 36 अ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्या बिगर आदिवासीला घेता येत नाहीत. हे बंधन आदिवासींच्या रक्षणासाठी आहे आणि ते सैल व्हावे असे म्हणता येणार नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जागेचे कारण कित्येकदा हेच असते, हे मात्र खरेदीदाराने जाणून घ्यावे.

सर्वांत बिकट स्थिती भूमिहीनाची. घरकुल मंजूर होते, जागा नसते. गावठाणात वाव नाही आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या निकालानंतर गायरान देण्यावर कडक निर्बंध आले. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. पण तीही विकणारा भेटला तरच उपयोगाची.

स्वामित्वचे मालमत्ता पत्रक हाती आले म्हणजे वाद मिटला, असेही नाही. त्यावर नाव कोणाचे लागले, वडिलोपार्जित घरात बहिणींची नोंद झाली का, हे पाहावे लागते. ती चौकशी गावात होते, आणि सुरतेत असलेल्या भावाला तिचा पत्ता पुष्कळदा घर बांधायला निघाल्यावरच लागतो.