तारीख लिहावी कशी?

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतील विद्यापीठाकडे धाडलेल्या अर्जात आपली जन्मतारीख ४/९/२००५ अशी लिहिली. ती होती ४ सप्टेंबर. तिकडे वाचली गेली ९ एप्रिल! शाळेच्या दाखल्याशी मेळ बसेना. खुलाशाची पत्रे जाऊन प्रवेश पक्का होईतो त्या मुलाच्या आईवडिलांच्या डोळ्यास डोळा लागला नाही.

इंग्लंडच्या रीतीत, आणि आपल्याकडेही, दिवस प्रथम, मागून महिना. अमेरिकेत महिना प्रथम. दिवसाचा अंक १२ च्या पुढचा असल्यास घोटाळा होत नाही. परंतु वर्षातील १३२ तारखा अशा आहेत की, अंकांनी लिहिल्यास त्यांचे दोन अर्थ संभवतात.

यास्तव महिना अक्षरांनीच लिहावा. इंग्रजीत ‘४ सप्टेंबर २००५’ असे लिहिताना स्वल्पविराम नको; अमेरिकन रीतीने ‘सप्टेंबर ४, २००५’ लिहिल्यास मात्र तो हवा. वर्षाचे चारही अंक द्यावेत. अंकच लिहिणे भाग असेल आणि अर्जात क्रम सांगितलेला नसेल, तर वर्ष, महिना, दिवस हा १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम पाळावा : २००५-०९-०४. वाक्यात तारखेपूर्वी ‘ऑन’ येते. नुसत्या महिन्यापूर्वी वा वर्षापूर्वी ‘इन’.

पत्रिकेत तिथी आणि घटका काटेकोरपणे मांडणाऱ्या आपल्या घरांनी मुलांच्या अर्जावरील तारखेविषयीही तितकेच दक्ष असावे, एवढेच आमचे सांगणे.